बाहेरचा

पहाटे पाच चाळीस. कन्नमवार नगर, बिल्डिंगच्या मागची गल्ली.
चावी फिरवली की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो:
तेलाची किटली, तिच्या चोचीला एक थेंब.
मी मोजते. एक, दोन, तीन, चार, पाच.
मग विझतो.
तोवर इंजिन आत कोरडंच खडखडतं,
कुणी रागाने भांडी घासावीत तसं.

शाळेची सात मुलं वाटेत चढतात.
आठवा सुजय, तो घरातूनच येतो, पुढे बसतो.

मुनाफ मिस्त्रीने विचारलं, मागच्या वेळी फिल्टर कुठला टाकलात?
बाहेरचा, म्हटलं. एकशेतीसचा.
कंपनीचा चारशे दहा सांगत होते.
मुनाफ श्रीवर्धनचा. हसायचं असलं की आधी हात पुसतो.
हात पुसले नाहीत.

फरक काय पण? दोन्ही डबे काळे, दोन्ही मुठीएवढे,
दोघांना आटे तेच.

मग सीएसटी रोडवर, भर दुपारी,
जुन्या फिल्टरांच्या पिंपातून त्याने एक कंपनीचा काढला,
माझा शेजारी ठेवला, आणि करवत घेतली.
फणस कापताना आपण हाताला तेल लावतो.
इथे तेल फणसातूनच निघत होतं.

आत कागद. कागदाच्या निऱ्या.
कंपनीच्या अठ्ठावन्न, हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या.
माझ्या एकेचाळीस, त्यातल्या तीन एकमेकींना चिकटलेल्या,
गॅसवर दूध ठेवून नेसल्यासारख्या.
आणि तळाशी रबराची चकती.
त्यांची मऊ, कानाच्या पाळीइतकी.
माझी नखाने वाजवली तर टक् म्हणाली.

हे रबर रात्री तेल अडवून धरतं, मुनाफ म्हणाला.
तुमचं कडक झालंय. तेल रात्रभर खाली उतरतं,
सकाळी पंपाला पुन्हा पहिल्यापासून ओढावं लागतं.
म्हणजे माझी पाच आकड्यांची पहाट
या एवढ्याशा चकतीत होती.

द्या मग कंपनीचा, म्हटलं.

त्याने तिसरा कापला. पांढरा, कुठल्याच गाडीचं नाव नसलेला.
सत्तावन्न निऱ्या. रबर मऊ.
हा कुठला?
हाही बाहेरचाच. दोनशे चाळीस.
कंपनी काय स्वतः फिल्टर बनवत बसते, बाई?
दुसऱ्याचा कारखाना बनवतो, ही डब्यावर नाव घालते.
आणि चमकता शिक्का मारलेलं खोकं हवं असेल
तर चार दुकानं सोडून नुसतं खोकंही मिळतं.
खोक्यावर जाऊ नका. आत बघा.

न कापता आत कसं बघायचं?

तीच तर पंचाईत आहे, म्हणाला,
आणि हात पुसले.

गेल्या दिवाळीत सुजयची आत्या शेजारणीला सांगत होती,
मला ऐकू जाईल इतक्याच हळू:
कितीही केलं तरी बाहेरची ती बाहेरचीच.
मी चकलीचा सोऱ्या दाबत होते.
दाबत राहिले. त्या घाण्याला काटे छान आले होते.

पांढरा घेतला.
मुनाफने नवं तेल बोटावर घेऊन रबराच्या कडेला फिरवलं,
डबा हातानेच बसवला. पान्याने नाही.
टेकला की वर पाऊण फेरा, बस.
जास्त आवळलंत तर पुढच्या वेळी सुटणार नाही,
कमी आवळलंत तर रस्त्यावर तेल.
मार्करने डब्यावर तारीख घातली, किलोमीटर घातले,
आणि का कोण जाणे, खाली माझं नाव.

आज पाच चाळीस.
चावी. किटली. थेंब.
एक, म्हटलं. दोनसाठी तोंड उघडलं
तर शेजारून आवाज आला: विझला.

दप्तर मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले.
इतके दिवस तोही मोजत होता.

मग म्हणाला, चल ना आता,
घरतांची मुलगी केव्हाची खाली उभी असेल.